तुम्ही विचारलंत म्हणून : पाचव्या महिन्यात समुद्रावर जावं का?

धरमपेठेत माझं तिकीट-बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. समोरच्या दोन खुर्च्यांवर बसून जोडपी मला जे विचारतात त्यात हल्ली एक प्रश्न हमखास असतो : "ताई, मिसेसला पाचवा लागेल आता. बाळ यायच्या आधी चार दिवस समुद्रावर निवांत बसायचंय. कुठं जावं?" विचारतो बहुतेक वेळा नवरा. बायकोच्या फोनवर मालदीवच्या पाण्यावरच्या खोल्या उघडलेल्या असतात. बाळाची बातमी दोन्ही घरी कळलेली असते, सहलीची कुठेच नाही.

तुमचे डॉक्टर हो म्हणत असतील तर जरूर जा. पण माझी एक अट असते, आणि ती नागपूरकरांनाच घालावी लागते.

आपण झिरो माईलच्या गावची माणसं. मुंबई रेल्वेने जवळपास 840 किलोमीटर, पूर्व किनाराही साधारण तितकाच लांब. एरवी फुटाळा तलावालाच चौपाटी म्हणून आपण भागवतो. त्यामुळे खरा समुद्र दिसला की आपल्यात वसुली अधिकारी जागा होतो. "एवढ्या दूर आलोच आहोत तर" हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय! गोव्याला गेलोच आहोत तर दूधसागरची जीप. तारकर्लीला गेलोच आहोत तर स्कूबा. विशाखापट्टणमला गेलोच आहोत तर अरकू आणि बोऱ्याच्या गुहा, म्हणजे एका बाजूने शंभरावर किलोमीटर, त्यात घाट, आणि गुहेत पायऱ्याच पायऱ्या. परत आल्यावर दोघंही म्हणतात की आता विश्रांतीसाठी सुट्टी काढावी लागेल. या सहलीत ती वसुली बंद, ही माझी अट. एक गाव, एक खोली, चार रात्री. सामान एकदा उघडायचं आणि निघायच्या दिवशीच भरायचं.

मग किनारा कसा निवडायचा? नकाशावरचे किलोमीटर सोडून द्या. घराला कुलूप लावल्यापासून खोलीत पाठ टेकेपर्यंत किती तास लागतात ते मोजा. माझ्या हिशोबात सहा-सात तासांच्या वर गेलं की तो किनारा बाद. मालदीव इथेच गळतं. नागपूरहून विमान बदलून जायचं, आणि उतरल्यावर बऱ्याच बेटांवर स्पीडबोटीने. लाटांवर आपटत जाणारी बोट या दिवसांत कुणालाच नको. अंदमानचा राधानगर किनारा सुंदर आहे, पण विमान, पुन्हा विमान आणि वर फेरीबोट, आणि अडचण आली तर मोठं इस्पितळ समुद्रापलीकडे. तिथे पुढे तिघं मिळून जा.

थेट विमान मिळत असेल तर गोव्याला माझी पहिली पसंती, तीही दक्षिण गोव्याला. बाणावली, वार्का, कोलवा हा सलग, सपाट, रुंद किनारा आहे. मडगाव हाकेच्या अंतरावर, म्हणजे इस्पितळं आणि औषधाची दुकानं जवळ. तिकीट काढताना विमान दाबोळीला उतरतं की मोपाला ते नीट बघा. मोपा पार उत्तरेला आहे, तिथून बाणावलीला जायचं तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो.

मालवण-तारकर्लीचं पाणी मलाही आवडतं, जेवण तर विचारूच नका. पण तिकडे जायचं तर गोव्यातल्या विमानतळावरून पुढे गाडीचा प्रवास आहे, आणि गंभीर अडचण आली की सिंधुदुर्गातली माणसं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडेच धावतात. सगळं सुरळीत असेल आणि गाडी आस्ते चालवणारा ड्रायव्हर मिळाला तर जा, नाहीतर राहू द्या. गणपतीपुळ्याला दर्शनाला जरूर जा, मात्र तिथल्या पाण्यात उतरू नका. तो समुद्र दगा देणारा आहे.

विशाखापट्टणम मी मुद्दाम सुचवते, कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे शहरच किनाऱ्यावर आहे. खोलीतून समुद्र दिसतो आणि किंग जॉर्ज हॉस्पिटल त्याच शहरात. समता एक्स्प्रेस नागपूरहून गोंदिया-रायपूरमार्गे थेट जाते, एक रात्र गाडीत काढायची. माझा सहा-सात तासांचा नियम मी इथे मोडते, कारण ट्रेनमध्ये आडवं होता येतं, चालता येतं आणि बाथरूम चार पावलांवर असतं. गरोदर बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तो तिकीट काढतानाच विचारा. रामकृष्ण बीचवर फक्त फिरा, तिथे पाण्याला ओढ आहे. पाय भिजवायचे तर ऋषिकोंडा बरा, त्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं मानांकन मिळालं. आणि नवरोबांनो, किनाऱ्यावर ठेवलेली कुरसुरा पाणबुडी तुम्ही एकटे पाहून या. आत अरुंद दारांतून वाकून जावं लागतं, वाढलेलं पोट घेऊन ते जमत नाही.

समृद्धी महामार्गाचं तर सगळ्यांनाच वेड लागलंय. 701 किलोमीटर, स्वतःची गाडी, मध्ये कुठे अडायचं नाही. पण अडायचं नाही हीच यात गैरसोय आहे. या दिवसांत दर दीड-दोन तासांनी उतरून चाललंच पाहिजे. तासन् तास बसून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात एरवीपेक्षा जास्त असतो. आणि लघवीला तर तासातासाला लागते. महामार्ग संपला तरी तुम्ही मुंबईच्या दाराशीच असता, कोकण पुढेच राहतं. विमानातही उठून फेऱ्या मारा, पाणी पीत राहा, आणि पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वर बांधा.

कधी जायचं, याचं उत्तर दोन कॅलेंडरं पाहून द्यावं लागतं. एक पोटातलं. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या आणि धाकधूक, शेवटच्या तिमाहीत जडपणा. मधले दिवस चांगले, साधारण चौदाव्या आठवड्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत. त्यातही अठरा-वीस आठवड्यांची मोठी सोनोग्राफी झाली, सगळं ठीक आहे असं कळलं की मगच तारीख धरा. मन मोकळं असतं, फोटोही बरे येतात. विमान कंपन्या साधारणपणे 32 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 नंतर बसू देत नाहीत, जुळं असेल तर त्याहून अलीकडेच थांबवतात. प्रत्येकीचा नियम थोडा वेगळा, तो बुकिंगच्या वेळी वाचायचाच.

दुसरं कॅलेंडर हवेचं. मे महिन्यात आपलं गाव भाजून निघतं म्हणून लोकांना किनाऱ्यावर पळायचं असतं. पण तिथे मे म्हणजे पारा कमी आणि घामाच्या धारा. आपल्याकडे निदान कूलर चालतो, तिथल्या दमट हवेत तोही चालत नाही. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा समुद्र खवळलेला, लाल झेंडे लागलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबर पूर्व किनाऱ्यावर वादळांचे. 2014 च्या ऑक्टोबरात हुदहुद थेट विशाखापट्टणमवर आदळलं आणि विमानतळसुद्धा काही दिवस बंद पडला. डिसेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे छान असतं. तुमचे दिवस त्यात बसत नसतील तर ज्या महिन्यात जाल तिथली हवा आधी बघा.

आता खोली. पैसे वाचवायचेच असतील तर विमानाच्या वेळेत वाचवा, खोलीत नाही, कारण तुम्ही दिवसाचे अठरा तास तिथेच असणार आहात. तळमजला किंवा लिफ्ट, एसी, कमोड, आणि गॅलरीतून समुद्र. कोकणातल्या पुष्कळ घरगुती निवासांना उतारावरच्या दगडी पायऱ्या असतात, फोटोत त्या फार गोड दिसतात. फोन करून विचारा : "किती पायऱ्या आहेत? वाळूपर्यंत किती चालावं लागतं?" मी तर हॉटेलवाल्याला हेही विचारते, की रात्री दोनला गाडी मिळेल का आणि प्रसूतीची सोय असलेलं इस्पितळ किती मिनिटांवर आहे. जो अर्ध्या तासाच्या आतलं उत्तर न अडखळता देतो, त्याच्याकडे बुकिंग करते.

पाण्याचं थोडक्यात सांगते. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर चाला. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो, आणि या काळात सांधे सैल झालेले असल्याने मुरगळायला वेळ लागत नाही. जीवरक्षक असेल तिथेच, गुडघाभर पाण्यात. हॉटेलच्या पूलमध्ये निवांत तरंगलात तर कंबरेला फार बरं वाटतं. गरम पाण्याचा जकुझी नको. स्कूबा अजिबात नाही, कारण खोलातून वर येताना रक्तात होणारे वायूचे बुडबुडे पोटातल्या बाळाला झेपत नाहीत. बनाना राइड, जेट स्की, पॅरासेलिंग बाळंतपणानंतर. मालिश करणाऱ्याला दिवस गेल्याचं आधी सांगा आणि कुशीवर झोपूनच करून घ्या.

खाण्याचा प्रश्न बायका हळूच विचारतात, कारण घरून पपईपासून अननसापर्यंत यादी मिळालेली असते. पिकलेल्या पपईला घाबरायचं कारण नाही, कच्ची टाळा. मासे खा, पण लहान. बांगडा, तारली, बोंबील चांगले. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून मोरी, म्हणजे शार्क, नको आणि मोठ्या सुरमईचा मोहही आवरा. कालवं, तिसऱ्या असे शिंपल्यांतले प्रकार नीट शिजलेलेच. सावजीवर वाढलेल्या जिभेला गोव्याचं जेवण सौम्य वाटेल, पण जळजळ होणाऱ्या छातीला ते मानवतं. शहाळं समोर फोडून घ्या, रस्त्यावरच्या सरबतातला बर्फ टाळा.

डासांचं मात्र मनावर घ्या. 2024 मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्यात गरोदर बायकाही होत्या, आणि हा विषाणू बाळाच्या मेंदूला इजा करू शकतो. संध्याकाळी अंगभर कपडे घाला आणि डास पळवणारं क्रीम लावा, ते या दिवसांतही चालतं. उन्हासाठी रुंद टोपी आणि सनस्क्रीन हवंच. गरोदरपणात वांगाचे डाग लवकर उमटतात आणि समुद्रावरचं ऊन दुप्पट लागतं. औषधं, ब्लड ग्रुप लिहिलेली फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा.

नवऱ्यांना दोन शब्द. तुम्हीही बाप होणार आहात, तेव्हा तुमचीही विश्रांती यात धरलेली आहे. ऑफिसचा लॅपटॉप घरी राहू द्या. ती दुपारी झोपली की तिला उठवून सनसेट पॉइंटला नेऊ नका, सूर्य गॅलरीतूनही मावळतो. पूर्व किनाऱ्यावर गेला असाल तर पहाटेच उगवलेला असतो, तोही तिने झोपेत घालवला तरी काही बिघडत नाही.

आणि घरची मंडळी. "बाई, पोटुशी असताना कुठं फिरून राहिली तू?" हे ऐकावं लागणारच. डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना सोबत न्या आणि प्रवासाचं त्यांच्यासमोरच विचारा, अर्धा वाद तिथेच मिटतो. त्या सोबत येतो म्हणाल्या तर ती सहल वेगळी, तिचं बुकिंग डोहाळजेवणानंतर करू. एखादीला रक्तस्राव झाला असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, बीपी चढत असेल, जुळं असेल किंवा आधीचं बाळंतपण दिवसांआधी झालं असेल, तर डॉक्टर नको म्हणण्याची शक्यता मोठी, आणि तिथे माझ्याकडून दुसरं मत मागू नका.

म्हणून शेवटी पैशांचं. जरा महाग पडलं तरी रद्द करता येणारंच तिकीट आणि तशीच खोली घ्या. निघायच्या आठवड्यात तपासणी करून घ्या. डॉक्टर नको म्हणाले तर त्याच संध्याकाळी मला फोन करा. रात्रीचे दहा वाजले असतील तरी चालेल, रद्द करायची मुदत बऱ्याचदा बाराला संपते.