दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर

कुणाला लकवा मारला की पहिल्या आठवड्यात दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहायला जागा नसते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात असो, लातूरला असो, नांदेडला की अंबाजोगाईला, दहावीची बॅच, पारावरची मंडळी, पाहुणेरावळे सगळे धावून येतात. खरं तर त्या दिवसांत मित्रांच्या हातात फारसं काही नसतं. काम सुरू होतं ते सुट्टी होऊन माणूस गावात घरी आल्यावर. लकवा येतो तो मेंदूला इजा झाल्याने, आणि त्या इजेनंतर पहिल्या 3 महिन्यांत सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो. साधारण 6 महिन्यांपर्यंत तो बरा राहतो, त्यानंतरही सुधारणा होते पण सावकाश. नेमकं याच काळात भेटणारे कमी होतात. घरात उरतात वहिनी, म्हातारी आई आणि कॉलेजला जाणारं पोरगं. म्हणून मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपने आपली सगळी ताकद दुसऱ्या महिन्यापासून पुढे लावावी, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात आधी डिस्चार्ज कार्ड नीट वाचून घ्या. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती की रक्तस्राव झाला होता, हे त्यावर लिहिलेलं असतं. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. गुठळीवाल्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते, ती रक्तस्राव झालेल्याला घातक ठरू शकते. त्यामुळे ‘माझ्या काकांना या गोळीने फरक पडला’ असे मेसेज ग्रुपवर चालू देऊ नका. तसंच कबुतराचं रक्त चोळणं, अमक्या गावचं झाडपाल्याचं औषध, एका दिवसात चालायला लावणारे बाबा, यांचे फॉरवर्डही पहिल्याच दिवशी बंद करा. लोक ते मायेपोटी पाठवतात हे खरं, पण अशा गावाला दोन चकरा मारायच्या म्हणून घरच्यांनी रक्तदाबाची गोळी थांबवली की दुसरा झटका येण्याची भीती उभी राहते.

कार्ड आणि सध्याच्या चिठ्ठीचा फोटो दोन-तीन जबाबदार माणसांपुरताच ठेवावा. मोठ्या ग्रुपवर रिपोर्ट, तोंड वाकडं झालेले फोटो, नाकात नळी असलेले व्हिडिओ टाकूच नयेत. तो बरा झाल्यावर ते सगळं त्याच्याच मोबाइलवर वाचणार आहे.

गोळ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास चुकतात. मेडिकलवाला त्याच औषधाचं दुसऱ्या कंपनीचं पाकीट देतो, गोळीचा रंग-आकार बदललेला असतो, आणि घरी जुनी नि नवी अशी दोन्ही गोळी सुरू राहते. म्हणून औषध आणून देणाऱ्या मित्राने पाकिटावरचं कंपनीचं नाव बघण्याऐवजी आतल्या घटकाचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहावं आणि जुनं पाकीट सोबत घेऊन यावं. दुसरी चूक म्हणजे, ‘बीपी नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?’ बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. ते मोजताना दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या, 5 मिनिटं शांत बसवा, चांगल्या बाजूच्या हातावर एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. गिळायला त्रास आहे म्हणून गोळी कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळा डोस एकदम अंगात जातो.

गिळण्याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. सगळ्यात जास्त ठसका पातळ पाण्यानेच लागतो, कारण ते घशातून पटकन सरकतं आणि श्वासनलिका वेळेत बंद होत नाही. जेवताना त्याला अगदी ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली ठेवा, छोटा चमचा भरवा, घास चांगल्या बाजूच्या गालात द्या आणि तो गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. लकव्याच्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, म्हणून शेवटी तोंड बघून चूळ भरवा किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्या. कोरडी ज्वारीची भाकरी, चिवडा, शेंगदाणे सुरुवातीला नकोच. भाकरी घट्ट वरणात पूर्ण मुरवून, कुस्करून द्या, किंवा मऊ खिचडी, दही-भात द्या. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, दर वेळी खोकला येत असेल किंवा ताप येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ठसक्याशिवायही अन्न फुप्फुसात जाऊ शकतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात यातूनच दुसरा घोळ होतो. पाण्याने ठसका लागतो म्हणून माणूस पाणीच कमी पितो, आणि बाहेर पारा 42-43 वर. मग लघवी गडद होते, जंतुसंसर्ग होतो, पोट साफ होत नाही, माणूस गळून जातो. घरचे समजतात लकवा वाढला. डॉक्टरांनी किंवा गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टने सांगितलेल्या घट्टपणाचं पेय ठरावीक वेळांना थोडं थोडं द्यायला लागतं. एप्रिल-मे महिन्यात रोज दुपारी एका मित्राने फोन करून फक्त ‘वहिनी, पाणी किती गेलं?’ एवढं विचारलं तरी मोठं काम होतं.

आता अंथरूण. बाज आणि झोळ पडलेला पलंग या माणसाला चालत नाही. मधे खड्डा पडतो, कूस बदलता येत नाही आणि उठताना हाताला टेकू मिळत नाही. सपाट दिवाण किंवा फळ्यांचा पलंग हवा, काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढ्या उंचीचा, साधारण 18 ते 20 इंच. कूस दर 2 तासांनी बदलावी, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, कमरेची बाजू रोज उजेडात बघावी. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखम सुरू झाली असं समजा. हवेची गादी घेतली तरी कूस बदलणं सुटत नाही. लाइट गेली की गादीचा पंप बंद पडतो आणि हवा हळूहळू उतरते, त्यामुळे भारनियमनाच्या वेळा बघून कूस बदलायची वेळ लावा किंवा पंप इन्व्हर्टरवर घ्या.

लकव्याच्या हाताला धरून कधीही ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा खाली निसटतो, आणि मग जो खांदा दुखायला लागतो त्यामुळे माणूस महिनोन्‌महिने व्यायाम करू देत नाही. मदतीला धावणारे मित्रच बहुतेक वेळा बगलेत हात घालून उचलतात. तसं न करता कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट बांधलेलं उपरणं धरावं. चालवताना लकव्याच्या बाजूला, जरा मागे उभं राहावं. काठी चांगल्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लकव्याचा पाय आधी. सदरा घालताना आधी लकव्याचा हात बाहीत, काढताना तो शेवटी. बसलेला असताना तो हात मांडीवरून खाली लोंबकळत ठेवू नका, खाली उशी द्या.

शेक देण्याची घाई सगळ्यांना असते. लकव्याच्या बाजूला बऱ्याचदा संवेदना कमी असते, त्यामुळे गरम विटेचा किंवा पिशवीचा चटका त्याला कळतच नाही आणि फोड येतो. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. पण एका पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रबरी चेंडू दाबायला देण्याची पद्धतही सर्रास आहे. मूठ आधीच आवळलेली असेल तर दाबण्यापेक्षा बोटं उघडण्याचा सराव जास्त महत्त्वाचा, तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

पैसे गोळा करायचे तर ते घरी आल्यावरच्या खर्चाला लावा. दवाखान्याच्या बिलाला महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो, त्यासाठी रेशन कार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटायचं. घरी आल्यावरचा खर्च मात्र बहुतेक खिशातूनच जातो: फिजिओथेरपिस्टच्या घरच्या फेऱ्या, तालुक्याला ने-आण करायची गाडी, कमोड खुर्ची. आपल्याकडच्या भारतीय संडासात उकिडवं बसणं त्याला जमणार नाही आणि पडण्याचे प्रसंग तिथे येऊ शकतात, त्यामुळे कमोड खुर्ची पहिली घ्या. न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर रबरी चटई आणि भिंतीला पक्का पाइप लावून द्या. वॉकर, खुर्ची वापरून झालेल्या घरात पडून असतात, ग्रुपवर विचारलं की निघतात. पैशाचा हिशेब एकाच माणसाकडे असावा, खर्चाच्या पावत्या ग्रुपवर याव्यात, पण कुणी किती दिले ही यादी टाकू नये. कमी देणारा मित्र त्या लाजेने यायचाच बंद होतो.

उजव्या अंगाला लकवा असेल तर बऱ्याचदा बोलणंही जातं, कारण बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डावी बाजू करते. तो बोलू शकत नाही म्हणजे त्याला कळत नाही असं नव्हे. त्याच्या समोर वहिनींना ‘कसं होणार आता याचं?’ असं विचारणारा मित्र त्याला किती दुखावून जातो! त्याच्याशीच बोला, नावाने हाक मारून, समोर बसून. आवाज चढवू नका, त्याचे कान चांगले आहेत. एका वेळी एकच माणूस, एकच विषय, हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न. ‘चहा घेतोस का?’ विचारून मनात दहापर्यंत मोजा, त्याला तेवढा वेळ लागतो. शब्द तोंडात घालायची घाई करू नका. कधी कधी साधा शब्द फुटत नाही पण हरिपाठ, आरती, एक ते वीस आकडे सोबत म्हटले की ओघात निघतात. ते मेंदूच्या वेगळ्या वाटेने येतं, त्यामुळे ‘आता बोलायला लागला’ असं जाहीर करू नका, पण रोज सोबत म्हणा. वाचणं-लिहिणंही अडलेलं असू शकतं, म्हणून लांब मेसेजऐवजी अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज पाठवा. व्हिडिओ कॉल सकाळी, 10-15 मिनिटांचा, दोघा-तिघांचाच. पंधरा चेहरे एकदम स्क्रीनवर आले की तो थकतो आणि तोंड फिरवतो.

कॉलवर तो अचानक रडायला लागला तर घाबरून फोन ठेवू नका. मेंदूच्या इजेमुळे रडू-हसू आवरत नाही, मनात तेवढं दुःख असतंच असं नाही. क्षणभर थांबा आणि पुन्हा पिकपाण्याचं बोला. पण आठवडेच्या आठवडे तो जेवत नसेल, व्यायामाला नको म्हणत असेल, गप्प गप्प असेल तर ते नैराश्य असू शकतं. लकव्यानंतर साधारण तिघांत एकाला ते होतं, औषधाने सुधारतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, आणि वहिनींनाही तो द्या.

डाव्या अंगाचा लकवा असेल तर बऱ्याचदा वेगळंच दिसतं: डाव्या बाजूकडे त्याचं लक्षच जात नाही. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, दाराची चौकट डाव्या खांद्याला लागते. डोळ्यांचा दोष नसतो, आळसही नसतो. डावीकडून येणारी मोटारसायकल त्याला कळणार नाही, म्हणून रस्त्यावर एकटं सोडू नका.

आणि शेत. या आजारात शेतकऱ्याच्या जिवाला सगळ्यात जास्त घोर त्याचाच असतो. सोयाबीनची पेरणी, फवारणी, काढणी कोण बघणार हे दोन मित्रांनी नावानिशी ठरवून त्याला सांगावं. ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करायची मुदत चुकली की सातबाऱ्यावर पीक लागत नाही आणि पुढे भरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत सगळं अडतं. बँकेत पीककर्जाचं नवं-जुनं कधी करायचं ती तारीख विचारून ठेवा. त्याचा सहीचा हातच गेला असेल तर अंगठ्याने व्यवहार कसा करायचा हे शाखेत आधीच बोलून घ्या. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला न्यावं लागतं. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व भरलं तर एसटीच्या सवलतीपासून संजय गांधी निराधार योजनेपर्यंत अर्ज करता येतो. हा दिवसभराचा खेळ असतो, म्हणून गाडी, डबा आणि चादर घेऊन जाणारा एक मित्र सोबत हवा.

भेटायला जाताना पुडी खिशात नेऊ नका. तंबाखू, सिगारेट, दारू त्याच्या समोर नको, ‘एवढीशी चिमूट’ तर नकोच. मिठाचं प्रमाण दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या बंद, आणि ठेचा केलाच तर बिनमिठाचा.

एक तयारी मात्र पहिल्याच आठवड्यात करा. झटका पुन्हा येऊ शकतो. तोंड वाकडं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही नव्याने दिसलं तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. म्हणून रात्री-बेरात्री सीटी स्कॅन चालू असणारा जवळचा दवाखाना कोणता हे आजच फोन करून विचारा, त्याचा नंबर आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर दारामागे मोठ्या अक्षरात चिकटवा. वाटेत पाणी, चहा, कुठलीही गोळी तोंडात घालायची नाही. आणि तो शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यायची, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.