ताआल: सरोवराकाठून टेकडीवर आलेलं गाव

फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतात ताआल हे नाव तिघांचं आहे: ज्वालामुखीचं, सरोवराचं आणि गावाचं. (उच्चार तोडून, ता-आल.) ज्वालामुखी बघायचा म्हणून जो ताआल गावात उतरतो, त्याची फसगत होते. गाव सरोवराच्या काठावर नाहीच. बालायान उपसागराकडे तोंड करून टेकडीवर बसलंय. सरोवर बघायचं तर उत्तर काठावरचं तालिसाय किंवा वरच्या कड्यावरचं तागायताय गाठावं.

पूर्वी असं नव्हतं. ऑगस्टिनियन मिशनऱ्यांनी १५७२ मध्ये वसवलेलं ताआल सरोवराकाठीच होतं, आजच्या सान निकोलासमध्ये. १७३२ पासून प्रांताची राजधानीही तेच. १७५४ च्या मे महिन्यात सरोवरातल्या बेटावरचा ज्वालामुखी उसळला आणि डिसेंबरपर्यंत थांबला नाही. राखेच्या भाराने छपरं कोसळली. त्याहून वाईट म्हणजे सरोवराचं पाणी समुद्राला नेणारी पांसिपित नदी राखेने आणि दगडांनी तुंबली. वाट अडल्यावर पाणी चढलं आणि काठावरची वस्ती बुडाली. राजधानी बातांगासला गेली आणि ताआल आजच्या टेकडीवर आलं. सान निकोलासला जुन्या चर्चचे अवशेष अजून आहेत.

समुद्राची वाट अशी आक्रसली, पावसाचं पाणी साठत गेलं आणि खारं सरोवर गोडं झालं. तिथला ताविलिस हा मासा आपल्या तारलीच्याच वंशातला. या वंशातला गोड्या पाण्यात राहणारा दुसरा मासा जगात नाही, आणि आज तोही धोक्यात आहे.

नावाबद्दल दोन मतं आहेत. तिथल्या तागालोग भाषेत 'ताआल' म्हणजे अस्सल, मूळचा. बातांगासची तागालोग शुद्ध मानली जाते, म्हणून हे मत तिथे लाडकं आहे. दुसऱ्या मताप्रमाणे नाव नदीकाठच्या 'ताआलान' झाडावरून आलं. मला झाडाचं पटतं. शेजारचं तालिसायही झाडाचंच नाव आहे, आपल्या देशी बदामाचं. गुणावरून गावाचं नाव पडण्यापेक्षा डोळ्यांसमोरच्या झाडावरून पडणं जास्त सहज वाटतं. पांसिपितपलीकडचं लेमेरी मात्र १८६२ मध्ये ताआलपासून वेगळं झालं आणि त्याला स्पॅनिश गव्हर्नर-जनरल होसे लेमेरीचं नाव मिळालं.

गावातलं सान मार्टिनचं बॅसिलिका, म्हणजे मानाचं मोठं चर्च, ८८.६ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद आहे. आधीची इमारत भूकंपात पडल्यावर १८५६ मध्ये हे काम सुरू झालं. तिथून १२५ पायऱ्या खाली उतरल्या की कायसासायचं देऊळवजा चर्च लागतं. १६०३ मध्ये पांसिपितमध्ये जाळं टाकणाऱ्या हुआन मानिंगकाद या कोळ्याला मेरीची छोटी लाकडी मूर्ती मिळाली, तिचं हे चर्च. कायसासाय हे नाव 'कासायकासाय' या पक्ष्यावरून आलं. तो म्हणजे आपला खंड्या.