ई५१३ सुटला, आणि तिसऱ्या ओळीचा काही दोष नव्हता

गेल्या खेपेला ‘व्हिम (माझा टेक्स्ट एडिटर) सेव्ह करू देत नाही’ एवढंच कळवलं होतं. काल रात्री गाठ सुटली.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या वहीतून उतरवतोय, हे तुम्हाला माहीतच आहे. बाकीच्या फाइली बिनतक्रार सेव्ह झाल्या, भावाच्या ओव्यांची तेवढी अडली. ती मुळात मामाने रोमन लिपीत केलेली यादी. तिच्याच मथळ्यांखाली मी देवनागरी भरत होतो. ४१ ओव्या टाइप करून सेव्ह करायला कोलन-डब्ल्यू मारलं की व्हिमची तक्रार, ई५१३: रूपांतर फसलं, ओळ ३. डिस्कवरची मूळ फाइल शाबूत होती, हा मोठाच दिलासा.

तिसऱ्या ओळीत ‘दुसऱ्या’ होतं. माझा जुना फोनेटिक लेआउट ऱ्य लिहिताना मध्ये अदृश्य जोडक घालतो. कर्सरखालच्या अक्षराचे बाइट दाखवणारं जी-८ दाबल्यावर जोडकाचे ई२ ८० ८डी हे तिन्ही बाइट दिसले आणि मी त्यांच्याच मागे लागलो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी वैतागून ती ओळच उडवली, तर तक्रार पुढच्या ओव्यांच्या ओळीवर सरकली! तेव्हा उजेड पडला: व्हिमला एकही देवनागरी अक्षर चालत नव्हतं, तिसरी ओळ फक्त पहिली लागत होती. फाइलएन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत, विचारलं. लॅटिन-१. तिच्यात देवनागरी बसतच नाही.

व्हिम फाइल उघडताना आधी यूटीएफ-८ (देवनागरीही सामावणारं एन्कोडिंग) लावून पाहतो. एक जरी बाइट बसला नाही तरी शेवटी लॅटिन-१ वर येतो. मग तो बाइट कुठला? मूळ यादी वेगळी उघडून यूटीएफ-८ मध्ये न बसणारा बाइट शोधणारं ८-जी-८ दाबलं, कर्सर थेट २१२ व्या ओळीवर. मथळ्यात ‘<९६>’. वर्ड प्रोसेसरमधून आलेली विंडोजची एन-डॅश रेघ. एवढ्याशा रेघेने सगळी फाइल अडवली होती. उघडताना खाली ‘कन्व्हर्टेड’ असं रोज लिहून येत होतं, ते मी वाचतच नव्हतो.

एन्कोडिंग यूटीएफ-८ करून सेव्ह केलं, इशारा गेला. पण तेवढ्यावर थांबू नका. रेघ अजून ‘<९६>’च होती, आता सी२ ९६ असे दोन बाइट होऊन. ती बदलून खरी रेघ घातली. दुसरी वाट जास्त चांगली: टाइप करण्याआधीच अशी फाइल सीपी१२५२ (विंडोजचं जुनं एन्कोडिंग) म्हणून उघडायची, मग यूटीएफ-८ करून सेव्ह करायची. व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंग्जच्या फाइलीत) लॅटिन-१ च्या आधी सीपी१२५२ घातलंय, आणि स्टेटसलाइनवर एन्कोडिंग कायम दिसेल असं केलंय.

आता खरं तर अनुक्रमणिका करायची होती. पण हे लिहिताना सुचलं: मी मध्येच इनस्क्रिप्ट या कीबोर्ड लेआउटवर आलो, तिथे शिफ्ट-जे ने ऱ थेट मिळतो, जोडक लागत नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्टच, माझं मत पक्कं आहे. म्हणजे माझ्या फाइलींत ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिलाय. दिसतो सारखा, शोधताना मात्र निम्माच सापडणार. अनुक्रमणिका बाजूला ठेवली आणि सगळीकडे र-हलंत-जोडक काढून ऱ-हलंत केलं.

परवापर्यंत ‘दुसऱ्या’ शोधलं की तेरा ओव्या यायच्या. आत्ता एकवीस आल्या.