समुद्र दाराशी, तरी मीठ पाकिटातलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गोव्यात ताळगावच्या आमच्या घरी कुणीही आलं की आधी बैठकीतल्या छोट्या रीफ टँकपाशी, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या मासे-प्रवाळांच्या टाकीपाशी, थबकतं. क्लाउनफिशची जोडी बघून होते, लाटेबरोबर डोलणारे मऊ प्रवाळ बघून होतात, आणि मग कोपऱ्यातली मिठाची बादली दिसते. "मिरामार इतकं जवळ, आणि तुम्ही समुद्राचं पाणी घरात कालवता? दोन कॅन भरून आणले की झालं ना!" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, आणि त्यातले बरेच जण स्वतः टाकी लावायच्या विचारात असतात, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

मिरामारला आपल्या पायाला लागतं ते मांडवीच्या मुखाचं पाणी. मे महिन्यात ते चांगलं खारं असतं, हजार भागांत सुमारे 35 भाग क्षार. पण गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि घाटावर कोसळलेलं पाणी मांडवी-जुवारीतून खाली येतं. पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी वरच्या थरातला खारेपणा ओहोटीला निम्म्याहून खाली उतरतो, भरतीला पुन्हा चढतो. शेवटे, चोणक असले खाडीचे मासे या चढउतारात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत. प्रवाळाच्या खडकावर वाढलेल्या जीवांना ते जमत नाही. त्यांना वर्षभर 35 लागतात, आज 35, उद्याही 35.

शिवाय कॅनमध्ये नुसतं पाणी येत नाही. गाळ येतो, होड्यांच्या डिझेलचा अंश येतो, सांडपाण्यातले जंतू येतात. सगळ्यात जास्त येतं ते प्लवक, डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव. बंद डब्यात, अंधारात ते मरतात, कुजतात आणि अमोनिया सोडतात. मोठी मत्स्यालयं आणि संशोधन संस्था समुद्राचंच पाणी वापरतात हे खरं आहे, पण ते पाणी वाळूच्या थरांतून गाळलेलं, निर्जंतुक केलेलं आणि मोठ्या टाक्यांत साठवून तपासलेलं असतं. साठ-सत्तर लिटरच्या टाकीसाठी घरी एवढं कुणी करत बसू नये.

मग पुढचा प्रश्न येतो. मिठाचंच पाणी करायचं तर आपल्या मिठागरातलं मीठ का नको? आगरवाड्याचं, नेरुलचं गावठी मीठ मलाही जेवणात हवंच असतं. पण मिठागरात काय घडतं ते बघा. समुद्राचं पाणी उन्हात आटत जातं तसे त्यातले क्षार एकेक करून वेगळे होतात. चुन्याचे क्षार, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम, आधी तळाशी बसतात. त्यानंतर मीठ खड्यांनी जमतं. मॅग्नेशियम मात्र उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी सोडून दिलं जातं. म्हणजे हातात येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराईड, आणि प्रवाळांना, शिंपल्यांना, गोगलगायींना अंग घडवायला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहिलेलं असतं. खऱ्या समुद्रात लिटरमागे सुमारे 410 ते 420 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. रीफसाठी मिळणाऱ्या मिठात हे सगळं त्या प्रमाणात परत घातलेलं असतं. ते महाग आहे, पण साठ लिटर पाण्याला अडीच किलोच्या आतबाहेर पुरतं. इथे काटकसर करू नका.

मीठ जितकं महत्त्वाचं तितकंच ते ज्यात विरघळवायचं ते पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आणि सिलिकेट असू शकतं. त्यावर तपकिरी आणि हिरवं शेवाळ माजतं आणि नवा माणूस तिथेच कंटाळतो. म्हणून आरओचं पाणी घ्यायचं, पण स्वयंपाकघरातला आरओ तसाच्या तसा चालत नाही. त्यात चवीसाठी मिनरलचं काड्रिज असतं, आणि पुष्कळ मशीनना टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, जो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. पिण्याला ते चांगलं, टाकीला नाही. आरओच्या मेंब्रेनच्या, म्हणजे गाळणाऱ्या पडद्याच्या, लगेच पुढून फाटा काढून घ्यायचा आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा एक डबा जोडायचा. टीडीएस मीटर शून्य दाखवेल तेव्हाच त्यात मीठ घालायचं. काही तास पंपाने ढवळत ठेवायचं आणि रिफ्रॅक्टोमीटर या खारेपणा मोजायच्या साधनाने मोजायचं. 25 अंशाला घनता 1.026 च्या जवळ हवी. रिफ्रॅक्टोमीटरचा शून्य साध्या पाण्याने जुळवला की वरचा आकडा बरोबर येईलच असं नाही, त्यापेक्षा 35 खारेपणाच्या प्रमाणित पाण्याची बाटली मिळते तिच्याने जुळवावा.

आता टाकी. लहान टाकी सोपी असेल असं सगळ्यांना वाटतं. समुद्र स्थिर असतो तो त्याच्या आकारामुळे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं, लवकर आटतं आणि लवकर बिघडतं. म्हणून दहा-पंधरा लिटरच्या काचेच्या पेटीत रीफ करायच्या भानगडीत पहिल्यांदाच पडू नये. निदान साठ लिटर, जागा असेल तर शंभर. शंभर लिटरची टाकी काच, दगड आणि वाळू धरून दीडशे किलोच्या आसपास जाते, तेव्हा स्टँड बेताचा नको, आणि खिडकीतल्या उन्हापासून ती दूर असावी.

आटण्याचं गणित एकदा डोक्यात बसलं की अर्धी लढाई जिंकली. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. साठ लिटरमधून रोज एक लिटर गेलं तर तीन दिवसांत 35 चे जवळपास 37 होतात. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची, आरओ-डीआयच्या. खाऱ्या पाण्याची भर कधीच नाही. फ्लोट लावून आपोआप भर घालणारं साधन मिळतं, एटीओ म्हणतात त्याला. मासा घ्यायच्या आधी हे घ्या, एवढं मी ठासून सांगेन. दोन दिवस सावंतवाडीला लग्नाला गेलात तरी टाकीला कळणार नाही.

उत्तरेकडच्या लोकांना हीटरची काळजी, आपल्याला उन्हाळ्याची. रीफला 25 ते 27 अंश बरे. आपल्या किनारपट्टीवर हीटर क्वचितच लागतो, पण एप्रिल-मेमध्ये बंद घरात पाणी 31-32 वर सहज जातं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. पाण्यावर तिरका वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. मात्र हवा कोरडी असेल तेवढंच त्याचं काम चांगलं होतं. मे अखेरीस हवेत इतका दमटपणा असतो की पंखा फिरूनही पारा हलत नाही, आणि तेव्हा पाणी थंड करणारा चिलर किंवा खोलीचा एसी याशिवाय मार्ग राहत नाही. काचेचं झाकण घालू नका, उष्णता कोंडते. जाळीचं घाला, कारण गोबीसारखे मासे उडी मारतात.

आणि वीज. पहिल्या पावसाबरोबर ती कशी वागते ते गोव्यातल्या माणसाला मी काय सांगणार! दिवे तासन्‌तास बंद राहिले तरी काही बिघडत नाही, पाणी थांबलं तर बिघडतं. वेव्हमेकर, म्हणजे टाकीत पाणी फिरवणारा पंप, इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअरपंप ठेवा. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली लोंबून वर चढली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. खारं पाणी आणि वीज एकत्र असताना यात सूट नाही.

वेव्हमेकरचा प्रवाह तासाला टाकीच्या दहा ते वीस पट पाणी फिरवणारा असावा. मऊ प्रवाळांना प्रखर दिवा लागत नाही, निळसर एलईडी आणि आठ तास पुरेत. एवढ्या लहान टाकीला स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) नसला तरी चालतो, आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की झालं.

दगड आणि वाळूबद्दल मात्र थोडं थांबते. आपल्या किनाऱ्याची वाळू आणू नये. किनाऱ्यावरून वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे, आणि ती बहुतांशी गारेची वाळू, पाण्याला तिचा काही आधार नाही. ॲरॅगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, वाळू घ्यावी. दगडही कोरडे किंवा सिरॅमिकचे घ्यावेत. लाइव्ह रॉक म्हणून जो दगड विकायला येतो तो बहुधा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा असतो, आणि तो कुठून आला याचं उत्तर विकणाऱ्याकडे नसतं.

कोरड्या दगडावर जिवाणू नसतात, ते वाढू द्यावे लागतात. टाकीत मीठपाणी, दगड, वाळू, पंप सगळं चालू करून सुंगटाचा (कोळंबीचा) एक तुकडा टाकायचा, किंवा बाटलीतले जिवाणू आणि अमोनिया घालायचा. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विषारी, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच 8 च्या वर असल्यामुळे तो इथे गोड्या पाण्यापेक्षा जास्त जाचतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन राहायला चार ते सहा आठवडे, कधी जास्त. मध्ये काच तपकिरी होते, मग हिरवी होते. घाबरून औषध ओतू नका, विशेषतः तांब्याचं. माशांच्या रोगावर ते चालतं, पण गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ सगळे त्याने मरतात आणि दगडात ते मुरून राहतं.

म्हणून माझा सल्ला: चवथ आटोपली की टाकी लावा. पावसाचा जोर ओसरलेला असतो, वीज बरी असते, दिवाळीपर्यंत पाणी तयार होतं. मग थंडीचे चार महिने टाकीला हाताशी मिळतात, आणि पहिला मे येईपर्यंत ती चांगली सावरलेली असते. ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी म्हणून एप्रिलमध्ये लावायचं ठरवलंय, त्यांना मी दरवेळी थांबायला सांगते.

आता प्रवाळ. मुरगावच्या समोर ग्रँड आयलंड आहे, तिथे स्नॉर्केलिंग करून आलेले लोक मला फोटो दाखवतात. हो, गोव्याच्या पाण्यात प्रवाळ आहेत. पावसाळ्यातला गाळ, गढूळपणा, नांगर, पर्यटकांचे पाय हे सगळं सोसून ते उभे आहेत आणि मला त्यांचं फार अप्रूप वाटतं. त्यातला बोटभर तुकडाही कुणी घरी आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण प्रवाळ आहेत, समुद्रपंखे आहेत, समुद्रघोडे आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. दुकानात "हार्ड कोरल मिळेल" असं कुणी सांगितलं तर त्या दुकानातून बाहेर पडा. आपल्या छोट्या टाकीला झोअँथिड, मशरूम, लेदर हे मऊ प्रकार पुरेसे सुंदर आहेत. एका टाकीत वाढलेल्याची फूट दुसऱ्या टाकीत लागते, समुद्राला हात लावावा लागत नाही. झोअँथिडमधल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, तेव्हा कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि तो दगड गरम पाण्यात उकळायचा तर विचारही नको, वाफेतून विषबाधा होते.

मासे सगळ्यात शेवटी, आणि थोडेच. क्लाउनफिशची जोडी, घरात पैदास झालेली. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेली जोडी घ्यायचं कारण उरत नाही. दोन लहान पिल्लं घ्या. सगळी पिल्लं आधी नर होतात, दोघांतलं जे वरचढ ठरतं ते पुढे मादी होतं, म्हणजे जोडी आपोआप जुळते. समुद्रफूल (ॲनिमोन) मात्र लगेच आणू नका. क्लाउनफिशला ते असलंच पाहिजे असं नाही, आणि नव्या टाकीत ते तग धरत नाही. साठ लिटरला ही जोडी आणि एखादी गोबी, बाकी शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि एक क्लीनर कोळंबी. निळा टँग कितीही सुंदर दिसला तरी तो फूटभर वाढतो. मँडरिन मासा तर दगडावरचे सूक्ष्म जीव टिपून जगतो, आणि लहान टाकीत ते संपले की भरल्या घरात उपाशी मरतो. कुठलाही मासा आणलात की चार-सहा आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा. अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की त्याला काढायला सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने रिकामी ठेवावी लागते.

ताळगाव-पणजीच्या आसपास असाल आणि टाकी लावलीत, तर पहिल्या महिन्यात पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून घेऊन या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटीचे किट माझ्याकडे आहेत, चहा होईपर्यंत आकडे कळतील. मासा तोवर आणू नका.