लाउथमध्ये आधी क्लब, मग काउंटी

११ मे २०२५ ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर गेलिक फुटबॉलच्या (हात आणि पाय दोन्हींनी खेळायच्या आयरिश खेळाच्या) सामन्यात दोन काउंट्या, म्हणजे आयर्लंडमधले जिल्हे, भिडल्या होत्या. फलक होता लाउथ ३-१४, मीथ १-१८. क्रिकेटवर वाढलेल्या डोळ्यांना अठराचा आकडा भारी वाटेल, पण जिंकलं लाउथ. पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा आणि एका गोलाचे तीन पॉइंट. म्हणजे २३ विरुद्ध २१. १९५७ नंतर पहिल्यांदाच लेन्स्टर प्रांताचा करंडक लाउथमध्ये आला.

लाउथ क्षेत्रफळाने आयर्लंडमधली सर्वांत लहान काउंटी. साधारण ८२६ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सरासरी तालुक्याएवढी. ड्रॉहडा आणि डन्डॉक ही दोन मोठी गावं, मधे आर्डी, आणि बाकी सगळे पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चखालची गावं-वाड्या. साधारणपणे एका पॅरिशचा एक क्लब, आणि तुम्ही जिथे वाढलात तो तुमचा क्लब. पगार नाही, लिलाव नाही. क्लब बदलायचा तर रीतसर अर्ज, आणि त्याहून जास्त शेजाऱ्यांच्या नजरा. काउंटीच्या संघात निवड झाली तरी खेळाडू असतो क्लबचाच. काउंटी त्याला उसना घेते. २०२२ पासून मोसमाचे दोन भाग आहेत. जुलैअखेरपर्यंत काउंटी, त्यानंतर क्लब. लाउथच्या क्लबांचा मोठा करंडक 'जो वॉर्ड कप'. २०२० आणि २०२१ ला तो मोनास्टरबॉइसच्या नीव्ह मार्टिनकडे होता, पुढची दोन वर्षं आर्डीच्या सेंट मेरीजकडे.

मैदानात गेलात तर फलकापेक्षा झेंडे बघा. गोलपोस्ट इंग्रजी 'एच'सारखे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर पांढऱ्या कोटातला पंच हिरवा झेंडा हलवतो, वरून गेला तर पांढरा. २०२५ पासून फुटबॉलमध्ये ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन पॉइंट मिळतात, त्याचा झेंडा नारिंगी. त्याच वर्षीचा दुसरा नियम माझ्या मते जास्त महत्त्वाचा: प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू सतत प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात हवेत. पूर्वी पंधराच्या पंधरा जण मागे येऊन भिंत करायचे आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. आता उत्साहाच्या भरात त्या तिघांतला एखादा गडी मधली रेघ ओलांडून मागे धावला की समोरच्याला फुकटची फ्री किक.

नव्या पोराची पहिली चूक ठरलेली असते. जमिनीवरचा चेंडू तो थेट हाताने उचलतो. मुलग्यांच्या फुटबॉलमध्ये तो फाउल आहे; बुटाचं टोक चेंडूखाली सरकवून तो हातात उडवावा लागतो. (महिलांच्या फुटबॉलमध्ये हाताने उचलता येतो.) दुसरी चूक चालीची. हातात चेंडू घेऊन चारच पावलं, मग एकदा जमिनीवर टप्पा नाहीतर पायावर टाकून परत हातात. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. टप्पा, पाय, टप्पा, पाय. हे अंगात मुरायला वेळ लागतो, तेव्हा घराच्या भिंतीशी एकट्याने सराव करावा. आणि माउथगार्ड विसरू नका. फुटबॉलमध्ये ते सक्तीचं आहे.

हर्लिंग, म्हणजे काठीने चेंडू टोलवायचा आयरिश खेळ, लाउथमध्ये दुबळं. नॉकब्रिज, सेंट फेकिन्स, नीव्ह मॉनिन अशी मोजक्या क्लबांची नावं. पण ज्यांच्या मुलांनी बॅट धरली आहे त्यांना तेच खुणावतं, म्हणून काठीबद्दल थोडं. काठीला म्हणतात 'कमॉन'. आपली कमान आठवते, आणि आयरिशमध्येही 'कॅम' म्हणजे वाकडंच. काठी अ‍ॅश नावाच्या झाडाच्या बुंध्याची, जिथून मुळं फुटतात तिथली. तिथे लाकडाचे धागे आपोआप वळलेले असतात. ते धागे मध्येच आडवे तुटलेले दिसले तर काठी ठेवून द्या, पहिल्या जोरदार टकरीत फाटेल. मापासाठी काठी शेजारी उभी धरायची, वरचं टोक कंबरेच्या हाडाशी यायला हवं. पालक वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत तशी वाढत्या अंगाची काठी घेतात, आणि पोराचं मनगट फिरतच नाही. जरा आखूड चालेल, लांब नको. हीटरजवळ ठेवलेली काठी वाळून तडकते. अधूनमधून जवसाचं तेल लावा आणि टोकाची पत्र्याची पट्टी सैल झाली का ते बघत जा. हेल्मेट सर्वांना सक्तीचं.

पकड मात्र क्रिकेटच्या उलट. उजव्या हाताचा फलंदाज डावा हात वर ठेवतो. इथे जोराचा हात वर. कारण धावताना एकाच हाताने काठी पेलायची असते आणि दुसऱ्या हाताने चेंडू झेलायचा. बॅटसारखी पकड घेतलेल्या मुलाला प्रत्येक वेळी हात बदलावे लागतात, आणि तेवढ्यात समोरचा चेंडू घेऊन पळालेला असतो.

हर्लिंगमध्ये मागे असलेल्या या काउंटीतच त्या खेळाची एक अफलातून स्पर्धा होते. कूली डोंगरातली 'पक फादा', म्हणजे लांब टोला, १९६० पासूनची. कूहुलिन नावाचा पुराणातला वीर लहानपणी चेंडू टोलवत, त्याच्यामागे धावत लांबच्या राजवाड्यापर्यंत गेला, अशी कथा आहे. इथेही सुमारे पाच किलोमीटरचा डोंगर, दगड, दलदल आणि कंबरभर झुडपं. कमीत कमी टोल्यांत जो पार करेल तो जिंकला. चेंडू जेमतेम ७० मिलिमीटर व्यासाचा, वजन ११० ते ११६ ग्रॅम, वर चामड्याच्या शिवणीची कड. वारा आडवा असला की तो भलतीकडेच जाऊन पडतो. ही स्पर्धा बऱ्याचदा गोलकीपर मारतात. टिपररी काउंटीचा गोलकीपर ब्रेंडन कमिन्स नऊ वेळा जिंकला. गोल वाचवला की चेंडू लांब टोलवून द्यायचा, हे त्यांचं रोजचंच काम.