काठावरचा घोडा

१९७२चा जुलै. पाऊस रुसला होता आणि नववीतल्या आम्हा चौघांचं सगळं लक्ष आइसलंडकडे लागलं होतं. तिथे रेक्याविकमध्ये बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी अमेरिकेचा बॉबी फिशर सोव्हिएत जगज्जेत्या बोरिस स्पास्कीशी खेळत होता. फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही. स्पास्की २-० असा पुढे. तिसऱ्या डावात फिशरकडे काळी मोहरी होती आणि त्यानं मांडला बेनोनी बचाव, काळ्याची एक धाडसी सुरुवात.

आता नाशिकचा विदित गुजराथी ग्रँडमास्टर आहे, शहरात बुद्धिबळाचे वर्ग आहेत. तेव्हा आमच्याकडे एक पट होता आणि गणिताच्या सरांची वही. सार्वजनिक वाचनालयातल्या वर्तमानपत्रातून सर खेळ्या उतरवून आणायचे. शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात आम्ही तो डाव मांडला. अकराव्या खेळीला फिशरनं घोडा थेट पटाच्या काठावर नेला, पांढऱ्या उंटाच्या तोंडी! उंटानं तो मारला की काळ्याची प्यादी राजासमोर एकामागे एक अडकणार. आम्ही ओरडलोच, "सर, उतरवताना चुकलं!"

"थांबा रे. तो उंट गेल्यावर पांढरी घरं कोण राखणार?"

फिशर जिंकला. स्पास्कीविरुद्धचा त्याचा तो पहिलाच विजय.

तेव्हापासून मीही काळ्यानं बेनोनीच खेळू लागलो. पांढऱ्याला मध्यभागी ऐसपैस जागा, काळा दाटीवाटीत. पण वजिराच्या बाजूला काळ्याची तीन प्यादी दोघांसमोर, आणि कोपऱ्यातल्या उंटाची नजर लांब कर्णावर. दोन्ही फौजा वेगळ्या, त्यामुळे झुंज पहिल्यापासूनच. संगणक म्हणतो, पांढऱ्याचं पारडं जड. असेल. मला आजही काळ्याचीच बाजू आवडते.

त्याच वर्षी आंतरशालेय स्पर्धेत मी वजिराकडची प्यादी घाईनं पुढे रेटली. समोरच्यानं मधलं प्यादं सरकवलं आणि माझा डाव कोसळला. रडू आवरत नव्हतं. सर सायकल हातात धरून माझ्याबरोबर पंचवटीपर्यंत चालत आले. गोदाकाठच्या पायरीवर त्यांनी खिशातला छोटा पट उघडला. 'हे सोड, साधं खेळ' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. अंधार पडेपर्यंत तोच डाव आम्ही पुन्हा पुन्हा मांडला.

सर गेल्यावर त्यांच्या मुलीनं ती वही मला दिली. एका पानावर फिशरचा डाव आहे, शेजारच्या पानावर माझा हरलेला. त्यात चौदाव्या खेळीपाशी लाल शाईनं लिहिलंय : 'आधी हत्ती.'