उत्तर येईल असं धरून

पोस्टातल्या काउंटरवरच्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं, आकडा स्थिर होऊ दिला आणि काहीच न बोलता काटा माझ्याकडे वळवला. 21 ग्रॅम. 20 च्या पुढे गेलं की वरचा दर. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून मी ते परत मागून घेतलं आणि बाजूला उभी राहून आतला चौथा, अर्धाच कागद बाहेर काढला. त्यावर चार ओळी होत्या, त्यातली एक "बाकी सगळं ठीक" ही. खालची कोरी पट्टी दुमडून, नखाने घडी पक्की करून फाडून टाकली. पुन्हा रांगेत. बाईंनी पुन्हा वजन केलं आणि या वेळी हसल्या.

परदेशात राहायला आल्यापासून हा हिशेब पाठ झालाय. बऱ्याच देशांत पत्राच्या दराचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो. नेहमीचा 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा, ए-फोर कागद 5 ग्रॅम भरतो. असे 16 कागद शेजारी शेजारी मांडले की एक चौरस मीटर होतो, त्यामुळे हे गणित तोंडी सुटतं. पाकिटाचे चारेक ग्रॅम धरा. म्हणजे तीन कागद, पाठपोट लिहिले तर सहा पानं. मावशीला खुशाली कळवायला सहा पानं पुष्कळ झाली. तक्रारी सांगायला बसलं की मात्र चौथा कागद लागतो.

नुसता कागद असेल तर पुढे काही विचारत नाहीत. एकदा मी पत्रात क्रोशाची एक खूण घातली, पुस्तकात ठेवायची. माझ्या हातची, वाकडीतिकडी. "आत काय आहे?" या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं आणि पत्राची वस्तू झाली. वस्तू म्हटली की कस्टमचा फॉर्म आला, सीएन 22 नावाचा: आत काय, वजन किती, किंमत किती. पहिले दोन रकाने भरले. तिसऱ्याशी पेन अडलं. शून्य लिहिलं तर कुणाला पटायचं नाही, आणि खरी किंमत लिहायची तर दोन संध्याकाळी आणि तीनदा उसवलेला दोरा कुठल्या चलनात मांडायचा? काहीतरी आकडा टाकला. मावशीने तो फॉर्मही जपून ठेवलाय. खुणेचं काय केलं, ते अजून बोललेली नाही.

पाकिटावरचा पत्ता ही मजेशीर गोष्ट आहे. आपण वरून खाली लिहितो, पण तो वाचला जातो खालून वर. इथल्या टपालवाल्यांना सर्वांत खालची ओळ हवी असते, देशाचं नाव, रोमन लिपीत, ठळक, मोठ्या अक्षरांत. मावशीचं घर कुठल्या गल्लीत आहे याच्याशी त्यांना काही घेणं नाही. देश आला की त्याच्या वरची ओळ, मग त्याच्या वरची; आणि "मावशी" म्हणून जिला मी लिहितेय तिचं नाव सगळ्यांत शेवटी, दारात उभ्या असलेल्या पोस्टमनपुरतं. म्हणून मी दोनदा पत्ता घालते. रोमनमध्ये वाटेतल्यांसाठी आणि त्याखाली देवनागरीत त्या शेवटच्या माणसासाठी. रोमनमध्ये तिच्या आडनावाचं जे होतं ते बघवत नाही.

पत्र पोचायला किती दिवस लागतील ते पत्र सोडून कुणालाच माहीत नसतं. माझं एक 11 दिवसांत पोचलं आणि त्याच्या आधीचं त्याच्यानंतर तीन आठवड्यांनी. त्यामुळे मावशीला मी बरी झाल्याचं आधी कळलं आणि आजारी पडल्याचं मागाहून. तिने फोन करून विचारलं, "अगं, पुन्हा ताप आला का?" तेव्हापासून पत्रात "उद्या", "परवा" लिहायचं सोडलं. तब्येतही लिहीत नाही. खिडकीतून काय दिसतं ते लिहिते; ते सहसा शिळं होत नाही. पानाच्या माथ्यावर तारीख मात्र न चुकता.

एवढं सगळं करून एक तिकीट चिकटवलं की पत्र परक्या देशात जातं आणि तिथे पोस्टमन काही न मागता ते दारात देतो, हे मला बरीच वर्षं साधं वाटायचं. ते साधं नाही. पूर्वी देशादेशांत वेगवेगळे टपालकरार असत, प्रत्येकाचे दर निराळे, आणि वाटेतल्या देशाचाही वाटा. 9 ऑक्टोबर 1874 ला स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये 22 देशांनी एक करार केला. त्यातून निघालेली संस्था ती आजची जागतिक टपाल संघटना. करारात ठरलं की टपालापुरता हा सगळा मुलूख एकच मानायचा. आणि पैसे? ज्या देशात तिकीट लागलं त्यानेच ते ठेवायचे. पोचवणाऱ्या देशाला त्याबद्दल काही द्यायचं नाही. कारण प्रत्येक पत्राला उत्तर येतंच, असं त्यांनी धरलं होतं! आज तुम्ही आमचं पत्र फुकट पोचवा, उद्या उत्तर येईल ते आम्ही फुकट पोचवू, फिट्टंफाट.

दाढ्या राखलेल्या, कोट घातलेल्या गृहस्थांनी एवढ्या गंभीरपणे एवढं भाबडं काही ठरवलं असेल, याचा मला फार आनंद होतो. उत्तर यावं म्हणून त्यांच्या वारसदारांनी पुढे सोयही केली. 1906 च्या रोमच्या अधिवेशनात उत्तराचं आंतरराष्ट्रीय कूपन निघालं. परदेशातल्या माणसाला आपलं तिकीट पाठवून उपयोग नसतो. हे कूपन पाठवलं की तो ते आपल्या पोस्टात देऊन तिथलं तिकीट घेणार. या कूपनांच्या देशादेशांतल्या भावातल्या फरकावर पैसा कमावतो असं सांगून 1920 मध्ये बोस्टनच्या चार्ल्स पॉन्झीने 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं गाजर दाखवलं आणि लोकांचे पैसे बुडवले. कूपनं त्याने नावापुरतीच घेतली होती. एकाचे पैसे दुसऱ्याला देणं चाललं होतं. आता लोकांना पॉन्झी आठवतो, कूपन आठवत नाही.

त्या भाबडेपणावर जग जवळजवळ शंभर वर्षं चाललं. 1969 मध्ये टोकियोच्या अधिवेशनात अखेर मान्य झालं की पत्रं दोन्ही बाजूंनी सारखी जात नाहीत. काही देशांत येतातच फार आणि ती वाटायचा खर्च त्यांच्याच गळ्यात पडतो. मग जास्त पाठवणाऱ्याने पोचवणाऱ्याला पैसे द्यायचे, असं ठरलं. 1971 पासून ते सुरू झालं.

त्या हिशेबाने मी मावशीच्या देशाची कर्जदार आहे. माझी पत्रं 31 गेली, तिची आली 2. दुसऱ्यात तर निम्मं पान पेन चालत नसल्याच्या गिरगोट्याच होत्या. मी एक-दोनदा रुसून बघितलं. "अगं, मी काय लिहू," म्हणाली, "तू सगळं लिहितेसच की."

मागच्या रविवारी तिचा फोन आला. "पत्र मिळालं हं. थांब, चष्मा आणते." मग बराच वेळ कागदाचा आवाज, आणि मग ती मला माझंच पत्र मोठ्याने वाचून दाखवायला लागली. सहाच्या सहा पानं. मधूनच थांबायची, "हे बरोबर लिहिलंयस," म्हणायची आणि पुढे जायची. खिडकीतल्या झाडाबद्दल वाचताना हसली. मी तिकडे काय हसण्यासारखं लिहिलं होतं ते मला आठवेना, म्हणून म्हटलं, "मावशी, ते परत वाच."